शिवेबाहेर टाकलेली दुरडी

मी एक दुरडी. बांबूची, हातभर रुंद आणि वीतभर खोल. सध्या माझा मुक्काम रेणापूरजवळच्या एका वाडीत, साखराबाईच्या पडवीतल्या खुंटीवर आहे. घरात नाही, पडवीत. का, ते पुढे कळेलच.

दुरडीला बोलता येत नाही हे मला माहीत आहे. त्याचा मला आजवर कधी राग आला नव्हता. बांबूच्या जातीला गप्प राहायची सवयच असते. पण यंदाच्या होळीला मला फक्त एक वाक्य बोलता आलं असतं, एकच, तर दोन म्हाताऱ्यांची जन्माची माया अशी कुत्र्याच्या तोंडी गेली नसती. ते वाक्य माझ्या पोटात तसंच राहिलं, म्हणून आता सगळंच सांगते.

मला विणलं उदगीरच्या गौरम्माने. बांबूच्या कांबट्या सोलता सोलता ती कानडीत शिव्या द्यायची. कुणाला, ते मला कधी कळलं नाही, पण हात मात्र तिचा फार मऊ होता. बाजारात तिने मला सुपांच्या ढिगावर ठेवलं आणि तिथे मिल्काबाईने मला उचललं.

मिल्काबाई म्हणजे मिल्काबाई वाकरूळकर. दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. मूळची कोकणातली, बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. भूकंपाच्या साली जखमींची सेवा करायला म्हणून ती लातूरकडे आली आणि इथलीच होऊन गेली. इथे तिच्या धर्माचं दुसरं घर नाही, प्रार्थनास्थळ नाही. आपला सण आपणच करायचा, आपणच दिवा लावायचा आणि आपणच आमेन म्हणायचं.

त्याच दवाखान्यात साखराबाई आया होती. एकीने सुई टोचायची आणि दुसरीने पोर धरायचं, अशी त्यांची जोडी. दोघी मिळून गावोगाव जायच्या आणि बायकांना समजावायच्या. आमच्या भागात भानामतीची भीती फार. कुणाला अचानक चक्कर आली, कुणाचं पोट पडलं, की लोक म्हणतात, कुणीतरी करणी केली. मिल्काबाई बोलायची शहरी, ते बायकांच्या डोक्यावरून जायचं. मग साखराबाई कमरेवर हात ठेवून सांगायची, "भानामती-बिनामती काई न्हाई गं! रगात कमी हाय तुझं. पालेभाजी खा अन् दवाखान्यात ये." हे तिचं वाक्य लक्षात ठेवा. मी ते फार आठवत असते.

मिल्काबाईचा एक सण होळीच्या पुनवेलाच येतो. एखाद्या वर्षी महिनाभराची चुकामूक होते, एरवी गाठ ठरलेली. तिच्या माहेरी त्याला होळीचा सणच म्हणत. फार पूर्वी हामान नावाच्या एका दिवाणाने सगळ्या यहुद्यांना मारायचा घाट घातला होता. एस्तेर राणीने जिवावर उदार होऊन त्यांना वाचवलं. त्या आनंदात एकमेकांना खाऊ धाडायचा. निदान दोन जिन्नस, तयार, हातात पडताच तोंडात टाकता येतील असे. आणि शक्यतो दुसऱ्या कुणाच्या हातून धाडायचे.

पण नुसता खाऊ धाडेल तर ती मिल्काबाई कसली? दरवर्षी तिला काहीतरी सोंग सुचायचं. एका वर्षी तिने माझ्यात आख्खा दवाखाना मांडला. फुटाण्यांच्या पुड्या बांधून त्यावर गोळ्यांसारखी चित्रं काढली, सलाईनच्या रिकाम्या बाटलीत सरबत भरलं. एका वर्षी शेत केलं, त्यात भाकरीच्या तुकड्यांचे वाफे आणि हिरव्या हरभऱ्याचं पीक. तिकोनी करंज्या मात्र दरसाल असायच्या. "हे हामानाचे कान," ती सांगायची. साखराबाई पहिला कान तोडताना विचारायची, "मेल्याचा डावा का उजवा?"

पहिल्या वर्षी दुरडी रिकामी परत करायची वेळ आली तेव्हा साखराबाई अडून बसली. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करत नाही. मग गुढीपाडव्याला मी हुलगे, चिंच आणि ज्वारीच्या पापड्या घेऊन लातूरला मिल्काबाईच्या घरी परत गेले. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. होळीला मी भरून यायचं, पाडव्याला भरून जायचं. एकोणीस वर्षं. रिकामी मी कधी प्रवास केला नाही, याचा मला फार अभिमान होता.

साखराबाईचा मुलगा वैजनाथ लहान असताना एकदा मला गाडी समजून माझ्यात बसला. माझा काठ तुटला. मिल्काबाईने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणून काठाला चांगले चार वेढे देऊन गुंडाळली आणि म्हणाली, "हाड मोडलंय. तीन आठवडे ओझं उचलायचं नाही." दोघी हसून हसून लोळल्या. ती पट्टी पुढे कधी काढलीच नाही. मळून काळपट झाली, तरी तीच माझी ओळख. साखराबाईला लिहायला-वाचायला येत नाही, पण ती पट्टी लांबून दिसली तरी ती उठून उभी राहायची.

दोघी निवृत्त झाल्या. मिल्काबाईची लेक इस्राएलला असते. ती आईला कायमची तिकडे बोलवत होती. गेल्या दिवाळीला ठरलं. संक्रांतीला मिल्काबाई वाडीवर येऊन गेली, दोघी गळ्यात पडून रडल्या. आता भेट नाही, हे दोघींनी मनाशी पक्कं केलं. आणि मग विमान पुढे ढकललं गेलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. शेवटी निघायचं ठरलं ते नेमकं होळीच्या रात्री.

हे तिने साखराबाईला कळवलं नाही. मला पुसता पुसता ती म्हणाली, "एकदा रडून झालंय. आता हसवून जाते." तिला तशी सवयच होती, माझ्याशी बोलायची. एकटं राहणाऱ्या माणसाला दुरडीसुद्धा पुरते.

यंदाचं सोंग पाळण्याचं होतं. वैजनाथची बायको राजकन्या सातव्या महिन्यात होती. आधी दोनदा पोट पडलं होतं, म्हणून घरातली सगळी माणसं एकेक दिवस मोजत होती. मिल्काबाईने ठरवलं, दुरडीचा पाळणा करायचा आणि पाळण्यात बाळ धाडायचं. तिने कणकेचं बाळ वळलं, तव्यावर झाकण ठेवून खरपूस भाजलं. डोळ्यांना मनुका नाही लावल्या, मिरीदाणे लावले. अंगरख्याच्या गुंड्या म्हणून लवंगा टोचल्या. पांढऱ्या मऊ फडक्यात त्याला गुंडाळलं. भोवती हामानाचे कान मांडले, हरभऱ्याचं मसालेदार सारण भरलेले.

गोडाचा त्यात एक कणही नव्हता. साखराबाईला साखरेचा आजार आहे आणि समोर गोड आलं की तिचा तोल सुटतो. म्हणून बाळात मीठ, ओवा आणि तीळ. "नाव साखर आणि साखर बंद," मिल्काबाई एकटीच हसली. मग डोळे पुसले.

शेवटी पाळणा छान दिसावा म्हणून तिने माझ्या काठाला सगळीकडून लाल चकचकीत फीत गुंडाळली. पट्टीवरूनसुद्धा. तेव्हा मला वाटलं, बाई, ते नको झाकूस. पण वाटून काय उपयोग? मी दुरडी.

गुरुबसप्पा लातूर-रेणापूर टमटम चालवतो. मिल्काबाईने मला त्याच्या हातात दिलं. "साखराबाईच्या घरी द्या. माझं नाव सांगू नका. दुरडी बघितली की ती ओळखेल."

"नाव नगं सांगू? बरं," गुरुबसप्पा म्हणाला. निरोप जसाच्या तसा पोचवणारा माणूस तो. आपल्या मनाचं त्यात काही घालायचं नाही, अशी त्याची रीत.

दुपारी त्याने मला वाडीवर आणलं. दार लोटलेलं होतं. त्याने दोन हाका मारल्या. राजकन्या आत झोपली होती. संक्रांतीला मिल्काबाईनेच करून घे म्हटलेलं साखराबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं, त्या डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने आधीपासूनच धड दिसत नाही. धूळ लागू द्यायची नाही म्हणून तिला मागच्या खोलीत बसवलेलं. बाहेर पोरं होळीच्या गोवऱ्यांसाठी कालवा करत होती. गुरुबसप्पाच्या टमटममध्ये पाच माणसं खोळंबलेली. त्याने मला उंबऱ्यावर मधोमध ठेवलं आणि तो गेला. संध्याकाळी लातूरला जाऊन त्याने सांगितलंही असेल, ठिवली टोपली. वस्तू ठेवली म्हणजे मिळाली, असं माणसं धरूनच चालतात.

मला पहिल्यांदा पाहिलं शेजारच्या कोंडाबाईने. ती चार पावलं जवळ आली, वाकली आणि तोंडावर पदर घेऊन मागे सरली.

"अगं राजकन्या! भाईर येऊ नकोस गं! कुनीतरी उतारा ठिवलाय दारात!"

उतारा म्हणजे एकाच्या अंगावरची पीडा उतरवून दुसऱ्याच्या दारी किंवा वाटेवर ठेवलेलं अन्न. तोवर चार बाया जमल्या. मी त्यांच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहिलं आणि मलाच धडकी भरली. पुनवेचा दिवस. गरोदर बाईचा उंबरा. टोपलीला लाल फीत. आत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली बाळाची बाहुली, तिच्या अंगात लवंगा टोचलेल्या. कुणीही काय म्हणावं?

राजकन्या तोवर दारात आली होती. तिने बाहुली पाहिली आणि पोटावर दोन्ही हात ठेवून ती मटकन खाली बसली. "माझ्या बाळावर केली गं कुनीतरी भानामती," एवढंच म्हणाली.

मी ओरडत होते. खरंच ओरडत होते. अगं, हे बाळ खायचं आहे! ओवा घातलाय त्यात, वास तरी घ्या! पण बांबू ओरडला तर फार तर कुरकुरतो, आणि त्या गलक्यात ते कुणाला ऐकू येणार?

मला एकच आशा होती. साखराबाई. मागच्या खोलीतून तिचा आवाज आला, "काय झालं गं?" मला वाटलं, आता सुटले. आता ती म्हणेल, भानामती-बिनामती काई न्हाई गं.

कोंडाबाईने दारातूनच ओरडून सगळं सांगितलं. लाल फीत सांगितली, बाहुली सांगितली, लवंगा सांगितल्या. काठाची पट्टी तेवढी सांगितली नाही, कारण ती दिसतच नव्हती.

दोन नातवंडं पोटातच गेलेली आजी आत बसली होती, डोळ्यांपुढे अंधार. मग तिचा आवाज आला आणि तो तिचा वाटलाच नाही, इतका बारीक.

"हातानं धरू नका. काठीनं उचला अन् शिवंच्या भाईर टाका."

मी तिच्यावर रागावले नाही. हे आजही शपथेवर सांगते. दुसऱ्यांच्या घरी शहाणपण सांगणं सोपं असतं, आपल्या उंबऱ्यावर बाहुली आली की ते तिथेच थांबतं. पण माझ्या मिल्काबाईने रात्री जागून वळलेलं बाळ ज्या साखराबाईसाठी होतं, तीच ते टाकायला सांगत होती, आणि मला काहीच करता येत नव्हतं. याच्याहून मोठं दुःख मला ठाऊक नाही.

तिन्हीसांजेला वैजनाथ कामावरून आला. तो पदवीधर आहे, लातूरला एका कंपनीत नोकरीला आहे. "मी असलं काही मानत नाही," तो म्हणाला. मग त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. आणि कोपऱ्यातली काठी घेतली. न मानणारी माणसंसुद्धा अशा वेळी काठीच घेतात, हे मी पाहिलंय. ज्या पोराने माझा काठ मोडला होता, त्यानेच मला काठीवर तोलून, अंगापासून लांब धरून, वाडीच्या शिवेवरच्या बाभळीखाली नेऊन टाकलं. मागे वळूनही पाहिलं नाही. मागे पाहायचं नसतं म्हणे.

त्या रात्री वाडीत होळी पेटली आणि मिल्काबाईचं विमान गेलं.

बाभळीखाली मी तीन दिवस होते. रस्त्याने जाणारे मला पाहून पलीकडच्या कडेने जायचे. आया पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवायच्या. एकोणीस वर्षं मला पाहून माणसं उठून उभी राहायची, आता तोंड फिरवत होती. शेवटी एक लंगडं कुत्रं आलं. त्याला भानामती माहीत नव्हती. त्याने हामानाचे सगळे कान खाल्ले, मग बाळ फडक्यातून ओढून काढलं आणि तेही खाल्लं. शेपूट हलवत खाल्लं. मिल्काबाईच्या हाताला चव आहेच. फीत त्याच्या दातात अडकली, त्याने हिसडा दिला आणि ती सुटून बाभळीच्या काट्याला लोंबकळत राहिली.

चौथ्या दिवशी साखराबाई लातूरला डोळा दाखवायला गेली. परत येताना ती गुरुबसप्पाच्याच टमटममध्ये होती, डोळ्याची पट्टी काढलेली, काळा चष्मा लावलेली. बाभळीजवळ येताच आतल्या बायांनी तोंडं फिरवली. गुरुबसप्पाने मात्र गाडी हळू केली.

"माय, ही टोपली हितं कशी काय? मी तर तुमच्या दारात ठिवली व्हती."

"तू ठिवलीस? कुनी दिली व्हती?"

"लातूरच्या सिस्टरनं की. मिल्काबाईनं. नाव सांगू नको म्हनल्या. बघितलं की वळखंल म्हनल्या."

"ती तर कवाच गेली ना परदेशी?"

"होळीच्या राती गेल्या, माय. जायाच्या आधी धाडली."

साखराबाई गाडीतून उतरली. बाया म्हणाल्या, जाऊ नका, हात लावू नका. ती आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी ऊन लागू देऊ नका सांगितलं होतं. नव्या डोळ्याने तिला सगळ्यात आधी नीट दिसली ती माझ्या काठाची पट्टी.

तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. मग मला छातीशी धरून ती भर रस्त्यात रडली, लहान पोर रडतं तशी. "मीच टाका म्हनलं गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. गुरुबसप्पा बिचारा टमटमचं हँडल धरून उभा. त्याने तर निरोप चोख पोचवला होता.

घरी कोंडाबाई आडवी आली. "शिवंभाईर टाकलेली वस्तू घरात न्हाई आनायची, साखरा. पोटुशी बाई हाय घरात."

"तर मला बी टाका शिवंभाईर," साखराबाई म्हणाली. "ही माज्या मैतरणीची दुरडी हाय."

वैजनाथ मान खाली घालून उभा होता. राजकन्येला सगळं समजावून सांगितलं. तिला पटलं, ती रडलीसुद्धा. पण मला पाहिलं की तिचा हात अजून आपोआप पोटावर जातो. भीती एकदा आत शिरली की खरं कळूनही लगेच निघत नाही. म्हणून साखराबाईने मला पडवीत टांगलं. मी घरात नाही आणि बाहेरही नाही. तिचंही काही चुकत नाही.

पाडव्याच्या सकाळी तिने मला खुंटीवरून काढलं, पुसलं आणि हुलगे, चिंच, पापड्या भरल्या. सवयीने. काठोकाठ भरल्यावर तिच्या लक्षात आलं की लातूरला आता कुणी नाही. ती तशीच माझ्याजवळ बसून राहिली. भरलेली दुरडी आणि जायला ठिकाण नाही.

तेवढ्यात वैजनाथचा फोन वाजला. परदेशातून मिल्काबाई. त्याने फोनवर हात ठेवून आईला हळूच सांगितलं, "आई, खरं सांगू नको. इतक्या लांब हाय, जिवाला लावून घेईल." आणि आईला नीट ऐकू यावं म्हणून मोठा आवाज लावला.

"साखरे! डोळा कसा आहे गं?"

"बरा हाय. समदं दिसतंय."

"दुरडी मिळाली ना? ओळखलीस ना लगेच?"

साखराबाईने माझ्याकडे पाहिलं. "वळखली की. न वळखायला काय झालं?"

"आणि बाळ? कसं लागलं?"

"लई गोड व्हतं गं," साखराबाई म्हणाली. "साखरंवाणी गोड. म्या अन् सूनबाईनं अर्धं अर्धं खाल्लं."

मला तेवढ्यात तव्यावरचा ओवा आठवला, मीठ आठवलं, मिरीचे डोळे आठवले. साखराबाई फोनकडे बघत होती, मोठ्या आशेने, आपलं खोटं नीट बसलं का ते बघत.

"गोड?" मिल्काबाईने विचारलं.

"हाव. लई गोड."

मग तिकडून आवाज आला, अगदी सावकाश.

"हो. गोडच केलं होतं. तुझ्यासाठी मुद्दाम."

साखराबाईने डोळे पुसले आणि हसली. तिला वाटलं, निभावलं. मिल्काबाईला तिकडे काय वाटलं असेल, ते मला विचारू नका. सांगता येत नाही, आणि आलं तरी सांगवणार नाही.

"दुरडी आता परत धाडू नकोस," मिल्काबाई म्हणाली. "तुझ्याकडेच राहू दे."

तेव्हापासून मी इथे आहे, भरलेली. हुलग्यांना आता टोके किडे लागलेत, पण साखराबाई मला रिकामं करत नाही. राजकन्येचे दिवस भरत आलेत. तुमच्या उंबऱ्यावर कधी माझ्यासारखी कुणी येऊन बसली, तर भिऊ नका असं मी म्हणणार नाही, भीती काही विचारून येत नाही. काठी घ्यायची तर घ्या. पण टाकायच्या आधी काठावरची फीत तेवढी सोडवून बघा.